शेवटच्या धारा

आमच्या गावात दोन निकाल लागायचे. एक शाळा-कॉलेजचा, वर्षातून एकदा. दुसरा डेअरीवर, रोज सकाळ-संध्याकाळ. पहिल्या निकालाची फिकीर थोड्याच घरांना असायची. दुसरा मात्र सगळ्या गावाला ऐकू यायचा, कारण डेअरीचे सेक्रेटरी फॅट मोठ्यांदा सांगत. गाईच्या दुधाला साडेतीन लागली की पास. त्याच्या खाली लागली की लायनीतले लोक आधी किटलीकडे बघत आणि मग किटली आणणाऱ्याच्या तोंडाकडे.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आमचं गाव जुन्नर आणि आळेफाट्याच्या मधलं. त्या उन्हाळ्यात मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घरात माझ्या आधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते, आणि सांगताना मला आजही बरं वाटतं. शेवटचं वर्ष मी जुन्नरला मावशीकडे राहून काढलं होतं. पेटी घेऊन घरी आले त्याच आठवड्यात आमची गाय व्याली. कालवड झाली. काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका.

ही आमची पहिली संकरित गाय. वडील आळेफाट्याला ट्रकच्या गॅरेजात मिस्त्री होते, रविवारी घरी यायचे. त्यांनीच हौसेनं गाभण गाय आणून दारात बांधली होती. त्याआधी घरात होती ती आईच्या माहेरची डांगी गाय. तिचं दूध चहापुरतं. ते डेअरीला घालायचा प्रश्नच नव्हता.

आईचं माहेर आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या अलीकडच्या डोंगरात. तिकडं पाऊस असा की जनावराला चार महिने कोरडी जागा मिळायची नाही. गाई लहान, चिवट आणि दुधाला कमी. त्यामुळं तिकडच्या बायांचा धार काढायचा एक नेमच होता. आधी वासरू सोडायचं, त्यानं ढुसण्या दिल्या की गाय पान्हा सोडते. मग वासरू ओढून बांधायचं आणि आपण धार काढायची. पण कास पुरी रिकामी करायची नाही. हाताला दूध लागतंय तोवरच थांबायचं, वासरू पुन्हा सोडायचं, आणि राहिलेलं त्याचं. आई म्हणायची, "मधलं माणसाचं, शेवटचं वासराचं. त्याच्या आईचं हाय, आपण पावणं." हा नेम तिनं लग्नात सोबत आणला आणि या नव्या काळ्या-पांढऱ्या गाईलाही तोच लावला.

चिकाचे दिवस संपले, आम्ही डेअरीला दूध घालायला लागलो. पहिल्या दिवशी फॅट तीनच्या जवळ लागली. सेक्रेटरी म्हणाले, "नवी व्यालीय, हुईल." दुसरा आठवडा, तिसरा आठवडा. तीनच्या वर काटा हलेना. कधी तीनच्या खालीही गेला. आई रोज किटली घेऊन जायची, रोज ऐकून यायची, आणि एक दिवस सेक्रेटरी भर लायनीत बोलले.

"वैनी, वरचं घरीच ऱ्हातं वाटतं?"

वरचं म्हणजे साय. आईला आधी कळलंच नाही. तिनं "काय भाऊ?" असं विचारलं. मागून कुणीतरी उत्तर दिलं, "आवो, लेक आलीया न्हवं घरी! लाडवाला तूप नको?"

लायन हसली. आई घरी आली, किटली पालथी घातली आणि चुलीपुढं बसून राहिली. मी विचारलं तर म्हणाली, "रातचं दूध ठेवून, साय काढून सकाळच्यात घालते म्हणत्यात. मी." शेवटचा 'मी' ती दोनदा म्हणाली.

आईला ओळखणाऱ्यालाच हे कळेल. ती डोंगरातून आलेली, या बागायती गावात तिचं आपलं असं कुणी नव्हतं. सोनं नव्हतं, शेत बेताचं. तिनं कमावलेली एकच गोष्ट म्हणजे तिच्या शब्दाची खात्री. गल्लीतल्या बाया विरजण न्यायला आमच्याकडं यायच्या, कारण या घरातलं दूध निर्भेळ. त्या बोलण्यानंतर विरजणाची एक वाटीही आमच्याकडं फिरकली नाही. आईनं डेअरीवर जायचं बंद केलं. किटली माझ्या हातात आली.

"काही चोरी केली नसताना घरात काय बसतेस?" मी म्हणाले.

"मी गेले की हसत्यात. तू गेलीस की बघत्यात. बघू दे."

दूध पातळ म्हटल्यावर सगळं गाव डॉक्टर झालं. शेजारच्या काकी म्हणजे आमच्या भिंतीला भिंत असलेल्या, चार गाई सांभाळलेल्या बाई. त्यांनी ठामपणे सांगितलं, "पाणी तोड. दुपारचं पाणी तोडलं की दूध दाट हुतंय. आमी न्हाई का करत!" आमच्या भागात हे बऱ्याच घरांत चालायचं. गाईनं पाणी प्यालं की ते थेट कासेत उतरतं आणि फॅट पडते, अशी समजूत. कुणी सांगितलं, फ्लॉवरचा पाला बंद करा. आमच्याकडं फ्लॉवर निघाला की पाल्याचे ढीग लागायचे, आणि फुकटचा म्हणून जो तो गाईपुढं टाकायचा. कुणी सांगितलं, सरकी पेंड वाढवा. कुणी म्हणालं, गोठ्याचा पत्रा तापतोय, त्यावर उसाचं पाचट टाका.

आईनं सगळं एकाच दिवशी केलं. पाला बंद, पेंड दुप्पट, पत्र्यावर पाचट, आणि दुपारचं पाणी बंद.

चारच दिवसांत दूध घटलं. गाय दुपारी हौदाकडं मान करून हंबरायची आणि आई घरात कानावर पदर घेऊन बसायची. फॅट होती तिथंच. मला राहवेना.

"आई, दुधात सगळ्यात जास्त काय असतं? पाणी. ते बाहेरून नाही मिळालं तर दूध बनायचं कशाचं?"

"तुला लई कळतं!"

"कळतं. त्यासाठीच शिकवलंस ना?"

"गाय राखायला न्हाई शिकवलं."

"मग आता फुकट मिळतंय ते घे."

ती हसली नाही, पण उठली आणि हौदाकडं गेली. त्या दिवशी गाय एवढं पाणी प्यायली की आई मधेच म्हणाली, "आगं बास, फुटशील." मग तिचा हात गाईच्या गळ्यावरून फिरला तो बराच वेळ थांबला नाही. त्यानंतर पाणी पुन्हा कधी तोडलं नाही. गाईचं दावं लांब केलं आणि तिच्या तोंडापुढं भरलेली पाटी ठेवली. दूध पूर्वीच्या जागी आलं. उन्हाळ्यात पाण्यानं आणि सावलीनं जनावराच्या दुधात किती फरक पडतो, हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

फॅट मात्र हलेना. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्हाला एक गोष्ट पक्की शिकवली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं आहे तसं ठेवायचं. नाहीतर फरक कशानं पडला ते देवालाही सांगता येत नाही. मी आईला म्हणाले, आता मी सांगेन तेवढंच करायचं. आधी फक्त वैरण. सकाळी गव्हाणीत कडबा, तो खाल्ल्यावरच हिरवं. नुसत्या हिरव्यावर असलेली गाय पातळ शेण टाकते, ते आठवडाभरात घट्ट झालं. रवंथ वाढला. गाय दुपारी बसून डोळे मिटून चघळायची. फॅटही थोडी सरकली, तीनच्या वर गेली. पण पास होण्याइतकी नाही.

दरम्यान कालवड अशी वाढत होती की येणारा-जाणारा थांबायचा. बाकीच्यांच्या गोठ्यातली वासरं त्या वयात पोट सुटलेली, केस उभे राहिलेले. आमचीचं अंग तेल लावल्यासारखं. काकी म्हणायच्या, "हिला काय बदाम चारतीस का काय, बाई?" आई खूष व्हायची. तेवढाच वेळ.

मग मी सेक्रेटरींना गाठलं. ते वडिलांच्या वयाचे, हिशेबाला पक्के, तोंडाला तिखट. मनानं वाईट माणूस नव्हता. लाईट गेलेली होती म्हणून फॅटचं मशीन बंद होतं आणि ते नमुन्यांच्या बाटल्या लावून निवांत बसले होते.

"काका, आमच्या दुधाची डिग्री किती लागते?"

डिग्री म्हणजे लॅक्टोमीटरवरचा आकडा. दुधात पाणी घातलं की तो खाली येतो.

"डिग्री चांगली हाय. म्हणून तर म्हणलं, पाणी न्हाई. पाणी असतं तर मी पाणीच म्हणलो असतो."

"आणि डिग्री चांगली, फॅट कमी, म्हणजे साय काढली?"

"पोरी, तूच सांग, तू शिकलेली. दुसरं काय आसतंय?"

 त्यांचं गणित बरोबर होतं. स्निग्ध भाग हलका असतो, तो काढला की उरलेलं दूध जड होतं, डिग्री चढते. मी घरी जाऊन आईला हे सांगितलं तेव्हा ती ताडकन म्हणाली, "मग त्यांना सांग, हितं या. तुमच्या डोळ्यांदेखत धार काढते."

सेक्रेटरी आले. सकाळी, मोटारसायकलवर, खिशात नमुन्याची बाटली घेऊन. आईनं पदर खोचला, किटली त्यांच्यापुढं उपडी करून दाखवली, आणि धार काढायला बसली.  काकी भिंतीवरून बघत होत्या. धार संपल्यावर सेक्रेटरींनी किटलीतलं दूध पळीनं हलवलं, बाटली भरली, बूच लावलं आणि म्हणाले, "वैनी, च्या न्हाई घ्यायचो. लोकं खोळंबल्यात." मी किटली घेऊन त्यांच्या मागोमाग पायी गेले.

मशीनवर तीच फॅट. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणला. "तुझी आई खरी हाय. खोट गाईत हाय. बेल्ह्याच्या बाजारात न्या नि मोकळं व्हा."

मी घरी येऊन सांगितलं. मला वाटलं होतं आईला हायसं वाटेल. ती म्हणाली, "त्यांनी हे कुणाच्या पुढं सांगितलं?"

"मलाच. हळूच."

"मग काय उपयोग?"

त्या संध्याकाळी मी धार काढताना गोठ्यात बसले. पाणी बघून झालं होतं, वैरण बघून झाली होती. आता बघायला उरली होती फक्त धारच. आई दोन्ही हातांनी लयीत ओढत होती, किटलीत फेस चढत होता. मग तिचा हात थांबला. तिनं किटली बाजूला केली आणि कालवडीचं दावं सोडलं. कालवड धावली, कासेला भिडली, आणि तिच्या ओठांच्या कडेनं जो फेस ओघळला तो किटलीतल्या फेसासारखा नव्हता. घट्ट होता. पिवळसर होता. खाली ओघळायलाही आळस करत होता.

सकाळी सेक्रेटरी बाटली भरून गेले होते ते कालवड सोडायच्या आधी.

"आई, तिला ओढ."

"का गं?"

"ओढ तर. आज तिच्यातलं थोडं मला दे. तांब्याभर."

"तिचं?" आईच्या चेहऱ्यावर मी काहीतरी पाप करायला सांगितल्यासारखा भाव होता. पण तिनं कालवड ओढली आणि तांब्यात शेवटच्या धारा काढल्या. त्या धारांचा आवाजही वेगळा, जाडसर. मी एका हातात किटली आणि एका हातात तांब्या घेऊन डेअरीवर गेले. लायनीतल्या एका आजोबांनी विचारलं, "तांब्या घिऊन कुठं निघालीस गं?" त्यावर सगळे हसले. मीही हसले. मला घाई होती.

किटलीतल्या दुधाची फॅट नेहमीचीच लागली. तांब्यातलं दूध मशीनमध्ये घातलं. सेक्रेटरींनी आकडा पाहिला, मशीन धुतलं, पुन्हा घातलं. पुन्हा तोच आकडा.

"हे म्हशीचं हाय."

"गाईचंच आहे. त्याच धारेतलं, शेवटचं."

 मग त्यांनी हळूहळू मान हलवली, आणि त्यांच्या लक्षात येत गेलं तसं मलाही नीट मांडता आलं. कासेतून आधी येतं ते पातळ, शेवटी येतं ते सायीचं. आमची साय काढली जात होती हे खरंच. रोज दोन वेळा, आईच्या देखत, आईच्याच हातानं. ती खात होती कालवड, आणि म्हणून ती तशी दिसत होती.

घरी खरा वाद पुढंच होता. मी आईला सरळ सांगितलं, कास पूर्ण रिकामी कर, सगळं दूध किटलीत घे, आणि त्यातलं मोजून कालवडीला बादलीनं पाज. रिकामी कास पुढच्या वेळी जास्त भरते, गाईचं दूधही वाढेल. पुस्तकी होतं, पण बरोबर होतं.

"म्हणजे माझ्या नावासाठी तिच्या तोंडातलं काढायचं," आई म्हणाली.

"काढायचं नाही. बादलीनं द्यायचं."

"बादलीला मायेचा वास असतो का?"

"आई, तिला दूध पाहिजे, वास नाही."

"तुला कसं ठाऊक?"

खरं सांगायचं तर ते मला आजही ठाऊक नाही. दोन दिवस धार जुन्याच पद्धतीनं निघाली. तिला लायनीत मान वर करायची होती, आणि कालवडीचा वाटाही मोडायचा नव्हता. दोन्ही तिला तेवढंच हवं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती धार काढायला बसली तेव्हा तिनं मागच्या डाव्या सडाला हातच लावला नाही. बाकीचे तीन सड मात्र अशा निगुतीनं काढले की शेवटचा थेंब पिळून निघाला. गाईनं दोनदा पाय उचलला. "उभी ऱ्हा गं बाई, उभी ऱ्हा," आई तिला म्हणत राहिली. मग तिनं कालवड सोडली आणि तिचं तोंड त्या राखलेल्या सडाला लावून दिलं.

"त्यो सगळा तिचा. आरंभापासून शेवटापर्यंत. ह्ये तीन आपलं. आता दोघांच्या वाट्याला पातळ बी आलं नि दाट बी."

किटलीत दूध आधीपेक्षा थोडं कमी भरलं. मला ते पुस्तकाप्रमाणं पटलं नव्हतं. पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम माझाच होता, आणि आईनं तो पाळला होता. मी किटली उचलली.

फॅट पास झाली. साडेतीनच्या चांगली वर. दुसऱ्या दिवशीही तशीच, तिसऱ्या दिवशीही. सेक्रेटरी माझ्याकडं बघून गालातल्या गालात हसले आणि म्हणाले, "वैनीला सांग, झालं गेलं इसरा म्हणावं."

मी निरोप पोचवला. आई भाकरी थापत होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, आणि मग म्हणाली, "लायनीत बोलले, तर लायनीत सांगत्याल. आज किटली मी नेते."

संध्याकाळची वेळ, डेअरीवर गर्दी. आई तिच्या नंबरावर उभी राहिली, मी बाजूला. सेक्रेटरींनी माप घेतलं, नमुना घातला, आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात फॅट सांगितली. आई जागची हलली नाही. तिनं रिकामी किटलीही उचलली नाही.

"वैनी, सरका पुढं."

"भाऊ, त्या दिवशी तुमी काय म्हणला व्हता?"

 सेक्रेटरींनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, परत घातला. मला वाटलं आता हा माणूस उसळणार. पण ते उभे राहिले. बसून बोलायचं की उभं राहून, एवढाच विचार त्यांनी केला असावा.

"आईका रं," ते म्हणाले. "वैनीनी साय काढली नव्हती. मी बोललो ते चुकलं. साय वासरू खात व्हतं. शेवटचं दूध वासराला सोडलं की फॅट पडती. ज्याची पडत आसंल त्यानं धार बघावी, लोकाच्या चुलीत बघू नये."

"मग दंड वासराला करा!" मागून आवाज आला.

"त्याचं तोंड चाटून बघ, तुला बी फॅट लागंल," सेक्रेटरी म्हणाले, आणि मग लायन हसली. यावेळी आईही हसली, पदर तोंडाला लावून.

तिच्या मागं उभ्या बाईनं लगेच विचारलं, "कुठला सड राखायचा गं, डावा का उजवा?"

"जो वासराला आवडंल तो," आई म्हणाली. तिनं किटली उचलली, आणि सेक्रेटरींकडं वळून म्हणाली, "चला भाऊ, पुढचं माप घ्या. लोकं खोळंबल्यात."